देवीच्या कुत्र्यांची नजर

संध्याकाळ होती. मधुवर्णा, मंथरगामिनी, सुवर्णपदा संध्या. नीलधूसर गिरिमालेवरून उतरत, दरीतल्या धुक्याला केशराचं बोट लावत, म्हाताऱ्या ओकच्या पानापानांवर रेंगाळत ती झऱ्यापाशी येऊन थांबली होती. झऱ्याचं पाणी काळंभोर, आणि त्या पाण्यावर उजेडाची एकच रेघ. वारा नाही, पाखरू नाही, माणूस नाही.

आणि या साऱ्या वैभवाच्या ऐन मध्यावर एक मातकट, कोरडी, रिकामी जागा होती.

कारण ही संध्याकाळ कॅनव्हासवरची. बाहेर, रोमच्या वेशीपलीकडच्या टेकडीवर, उन्हाळा भट्टीसारखा तापला होता. द्राक्षवेली करपल्या होत्या, संगमरवरी पायऱ्या पायाला चटके देत होत्या, झाडांवरचे किडे कान किटेपर्यंत किरकिरत होते. मार्केझाबाईंच्या, म्हणजे तिथल्या सरदारीणबाईंच्या, महालातल्या मोठ्या दालनात, भिंतभर ताणलेल्या त्या कॅनव्हासवर मात्र थंड, कायमची संध्याकाळ होती. ती फाउस्तीनाने रंगवली होती.

मधली जागा रिकामी का, ते सांगतो. त्या काळी त्या नगरीत एक रीत होती. मोठा देखावा एका हातचा नसे. डोंगर, झाडं, पाणी, आभाळ एकाने रंगवायचं. देवता, माणसं, जनावरं दुसऱ्याने. पहिल्याने दुसऱ्यासाठी जागा मोकळी सोडायची. देवता उभ्या राहिल्या की पहिल्याने शेवटचा हात फिरवायला पुन्हा यायचं. त्यांच्या पायाशी गवत, पाठीशी सावली, आजूबाजूला पानं रंगवून आकाश, धरती आणि देवता एकत्र शिवून टाकायच्या. पण देवतेच्या नखालाही झाडं काढणाऱ्याने हात लावायचा नाही, आणि झाडाच्या पानाला देवता काढणाऱ्याने. लावला, तर चित्रकारांचा संघ त्याच्या चित्रशाळेला कुलूप ठोकी. मग तो कितीही मोठा असो.

इथली झाडं फाउस्तीनाची. उन्हाने रापलेली, ताठ मानेची, कमी बोलणारी फाउस्तीना. बाप निसर्गचित्रकार होता, तो गेला, मागे चित्रशाळा राहिली. बाईमाणसाला चित्रशाळा चालवायची मुभा नव्हती. संघाने मोठ्या मेहेरबानीने एक सवलत दिली होती: बापाच्या नावावर चालव, पण तुझ्या चारित्र्याला बोल लागला, की त्याच दिवशी कुलूप. संघातल्या पुरुषांना रोज बोल लागत होते, त्यांचं कुणी काही विचारत नव्हतं, ते सोडा. फाउस्तीना गळ्यापर्यंत बंद झगा घालून, आत्या कोलोम्बाला सावलीसारखी सोबत घेऊन, मान खाली घालून झाडं रंगवी. झाडं तिला माणसांपेक्षा बरी वाटत. झाडं मागणी घालत नाहीत.

देवता तुल्लिओच्या. कुंचितकेश, स्मितमुख, मधुरभाषी तुल्लिओ! त्याच्या कुंचल्यातून देवींची कांती दुधासारखी पाझरे, असं लोक म्हणत. आणि ते खरं होतं, काय करणार? देव कधी कधी असल्या माणसाच्या हातात असली कला देतो, आणि आपण बघत बसतो. त्याचे तीन शिकारी कुत्रे होते, तेही त्याच्यासारखेच देखणे. तो जाई तिथे ते जात, तो बसे तिथे बसत, आणि दिवसभर त्याच्याकडे टक लावून पाहत.

या तुल्लिओने एकदा फाउस्तीनाला मागणी घातली होती. भर मेजवानीत, पेला उंचावून, जणू उपकार करतोय अशा थाटात. “तुझी झाडं, माझ्या देवता आणि आपली एकच चूल. काय म्हणतेस?”

फाउस्तीनाने ताटावरून मान वर केली. म्हणाली, “तुझ्या देवतांना माझ्या झाडाखाली उभं राहू देते, तेवढं पुष्कळ झालं.”

सगळी पंगत हसली. तुल्लिओसुद्धा हसला. पण त्याने डूख धरला तो त्या क्षणापासून.

मग त्या दोघांत विस्तव जाईना. आणि नशीब असं, की मार्केझाबाईंनी दोघांना एकाच कॅनव्हासवर बसवलं. सकाळ हिची, दुपार त्याची. सकाळी तिला आपले कुंचले सरसात वाळून लाकूड झालेले सापडत; दुपारी त्याला आपल्या तेलात माती सापडे. तो तिच्या हिरव्या रंगाला शेवाळ म्हणे, ती त्याच्या अप्सरांना उकडलेली कोंबडी म्हणे. एकमेकांच्या सावलीचाही दोघांना विटाळ. हिवाळा गेला, वसंत गेला, उन्हाळा चढला, आणि तो द्वेष त्या दालनात रंगाच्या वासासारखा मुरून बसला.

आणि ऑगस्टमधल्या एका तापलेल्या सकाळी आत्या कोलोम्बाने कॅनव्हासवरचा पडदा सारला; फाउस्तीनाची झाडं संपल्यावर तुल्लिओने महिनाभर तो उघडू दिला नव्हता. तिच्या हातातली तेलाची बाटली खाली पडून फुटली.

“अगं बाई!” आत्या म्हणाली. “अगं बाई गं, हे काय केलं मेल्याने!”

रिकामी जागा भरली होती.

झऱ्याकाठी डायाना उभी होती. चंद्रकोरमंडिता, धनुर्धारिणी, क्रोधारुणनयना डायाना. रानाची देवी, मृगयेची देवी, आजन्म कौमार्याची देवी. तिचा हात ताठ, तिचं बोट ताठ. त्या बोटासमोर चार सख्या एका पाचवीचं वस्त्र फेडत होत्या. पाचवी वाकली होती, वळली होती, हातांनी पोट झाकू पाहत होती. पण पोट झाकलं जात नव्हतं. देवीच्या पायाशी तीन शिकारी कुत्रे. आणि उजव्या कोपऱ्यात, ओकच्या बुंध्याशी, डोक्यावर विजयाच्या पानांचा मुकुट घालून, स्वतः तुल्लिओ. चित्रकार असे आपली छबी चित्राच्या कोपऱ्यात ठेवत, सही केल्यासारखी; तेवढी जागा तिथेही मोकळी सोडलेली असे.

त्या नगरीत चित्र नुसतं पाहत नसत, वाचत असत. आपल्याकडे वाघावर बसलेली दुर्गा आणि कमळावर बसलेली लक्ष्मी हे कुणाला सांगावं लागतं का? तसंच तिथे. कपाळी चंद्रकोर आणि झऱ्यावर पोटुशी सखी दिसली, की ती कॅलिस्टो, हे दारावरचा पहारेकरीही सांगे. कॅलिस्टो ही डायानाची लाडकी सखी. तिनेही कौमार्याचं व्रत घेतलेलं. देवांच्या राजाने डायानाचंच रूप घेऊन तिला फसवलं. पाप देवाचं, पोट हिचं. स्नानाच्या वेळी ते उघडं पडलं आणि देवीने तिला बोट दाखवून हाकलून दिलं. देवाला मात्र कुणी काही विचारलं नाही. कधी विचारतात?

आणि तुल्लिओने त्या कॅलिस्टोला चेहरा फाउस्तीनाचा दिला होता.

तोच रापलेला वर्ण, तीच ताठ मान, आता वाकवलेली. आणि उघड्या डाव्या खांद्यावर, पानाच्या आकाराचा, फिकट गुलाबी, चकाकता चट्टा. लहानपणी बापाच्या भट्टीवरचं उकळतं जवसाचं तेल तिच्या खांद्यावर सांडलं होतं. भाजल्याचं गावाला ऐकून ठाऊक होतं, पण तो चट्टा आत्याखेरीज कुणीही पाहिलेला नव्हता. फाउस्तीनाचा हात झग्यावरूनच खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

“आवडलं?”

तुल्लिओ दारात उभा होता. मागे ते तीन कुत्रे, जिभा बाहेर काढून, त्याच्याकडे बघत.

“हा चेहरा कुणाचा आहे?” फाउस्तीना म्हणाली.

“कॅलिस्टोचा. आता तो तुझ्यासारखा दिसला, तर मी काय करू? रोज समोर असतेस.”

“आणि खांदा?”

तुल्लिओ हसला. फार गोड हसायचा मेला. “हेच सारं गाव विचारणार बघ. तुल्लिओला फाउस्तीनाचा उघडा खांदा कसा ठाऊक? मला काही सांगावंच लागणार नाही. लोक आपलं आपण समजून घेतील. संघसुद्धा.”

“खोटं आहे हे!”

“चित्र कधी शपथ घेतं का? ते नुसतं दाखवतं. आणि हे बघ, चेहऱ्याला हात लावशील तर नियमाने चित्रशाळा जाईल. पानांनी झाकशील तर झाक की! एवढ्या नागड्या बायकांत एकटी हीच झाकलेली दिसली, की लोक पहिलं बोट तिथेच ठेवतील. तुझा शेवटचा हात फिरव आणि मोकळी हो.”

कुत्र्यांना शीळ घालून तो निघून गेला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते फाउस्तीनाला त्या दिवशी कळलं. आणि त्या आगीच्या उजेडात तिला वसंतातली एक दुपार आठवली. महालामागचं रान, रानातला झरा. झाडांची रेखाटनं करायला ती तिथे गेली होती. आत्या पहारा देत बसली आणि फाउस्तीना पाण्यात उतरली. झुडूप हललं होतं. एक कुत्रा अगदी हळू कुंईकुंई करून गप्प झाला होता. “कोल्हा असेल गं,” म्हणत आत्याने दगड भिरकावला होता.

“कोल्हा!” फाउस्तीना आता म्हणाली.

आत्यालाही आठवलं. म्हातारी रंग खरवडायची पट्टी घेऊन पुढे सरसावली. “खरवड! खरवड तो चेहरा, पोरी! तुला होत नसेल तर मी खरवडते. त्याच्या हाताला कीड पडो, त्याच्या डोळ्यांत माती जावो!”

फाउस्तीनाने तिचा हात धरला. “चेहरा गेला तर चित्रशाळा जाते, आत्या. चेहरा राहिला तरी जाते.”

“मग बापाचं नाव असंच बुडू द्यायचं?”

फाउस्तीना कॅनव्हाससमोर जमिनीवर बसली आणि पाहत राहिली. शत्रूच्या घराकडे पाहावं तशी, दार कुठे, खिडकी कुठे, कडी कुठली सैल आहे हे शोधत. डायानाच्या डोळ्यांत क्रोध होता, खरा, जिवंत क्रोध. सख्यांच्या बोटांत क्रौर्य होतं. पाणी काळं होतं, संध्याकाळ सोन्याची होती. त्या सोन्यात तिची नालस्ती पक्वान्नासारखी मांडून ठेवली होती.

मग तिची नजर कुत्र्यांवर गेली.

ते कॅलिस्टोकडे पाहत नव्हते. देवीकडेही पाहत नव्हते. माना उंचावून, कान टवकारून, तिघेही एकाच दिशेला पाहत होते, उजव्या कोपऱ्याकडे. तुल्लिओने स्वतःचेच कुत्रे समोर बसवून रंगवले होते, आणि ते कुत्रे बसल्या बसल्या जे जन्मभर करत आले तेच करत होते: धन्याकडे पाहत होते. त्याने ती नजर जशीच्या तशी उतरवली, आणि पुढे कोपऱ्यात नेमका त्या नजरेसमोर स्वतःला उभा केला. आपल्याकडे कुणीतरी सारखं पाहतंय, याची त्याला इतकी सवय, की त्यात काही चुकलंय हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

फाउस्तीना उठली.

“आत्या, जळकी माती घोट. आणि शिशाचा पांढरा, अगदी थोडा.”

“चेहऱ्यासाठी?”

“झाडासाठी. माझ्या झाडासाठी.”

तिने ओकला एक सुकी फांदी दिली. वीज पडून वठलेली, सालपट सुटलेली, अस्थिपांडुर फांदी. ती बुंध्यामागून निघाली, तुल्लिओच्या मुकुटामागून वर आली, आणि तिथे दुभंगली. एक बाहू डावीकडे, एक उजवीकडे. बाहूला फाटे, फाट्यांना टोकं. त्याच्या केसालाही कुंचला लागला नाही. ती झाडाची फांदीच होती. फक्त तिच्यापुढे एक माणूस उभा होता, एवढंच.

मग तिने पानं रंगवली. जिथे तुल्लिओचं शरीर संपत होतं, तिथून पुढे सावळी, चिवट, घनदाट झुडपं उभी केली. अशी, की तो त्यांच्याआडून डोकावतोय असं वाटावं. मग गवत. देवीच्या पायापासून ओकच्या बुंध्यापर्यंत सगळं गवत एका बाजूला निजवलं, जसं शिकारीच्या वाटेवर निजतं. आणि झऱ्यावर रेंगाळणाऱ्या त्या संध्येचा एक तांबडा थेंब तिने शेवटी कोपऱ्यातल्या पानांवर टाकला.  

शेवटचा हात फिरला की यजमानीण पडद्यावर लाखेची मोहोर लावी, आणि ती सोहळ्यातच फोडी. मोहोर लागली; आता तुल्लिओलाही आत डोकावता येणार नव्हतं.

सोहळ्याच्या दिवशी दालन गच्च भरलं. रेशीम, अत्तर, पंखे, घाम. म्हाताऱ्या मार्केझाबाई खुर्चीत होत्या, दांडीचा चष्मा हातात. चित्रकार संघाचा प्रमुख, म्हातारा बार्तोलो, काठी टेकून उभा होता. कुत्रे ओसरीत बांधले होते. तुल्लिओ पडद्याच्या उजव्या अंगाला छाती काढून उभा राहिला, म्हणजे आतली छबी आणि बाहेरचा धनी लोकांना एकदमच दिसावेत.

मोहोर फुटली, पडदा सरकला. वाहवा उठली, आणि मध्येच तुटली.

पंख्यांआडून कुजबुज सुरू झाली. “कॅलिस्टो... चेहरा पाहिलात का? आणि खांदा? मग हे त्याला कसं ठाऊक?” माना वळल्या. शेकडो डोळे फाउस्तीनाच्या बंद गळ्यावरून, झग्यावरून, पोटावरून फिरले. कुणी हसलं. एक बाई आपल्या मुलीला घेऊन दोन पावलं बाजूला सरकली. बार्तोलोने डोळे मिटून घेतले. आत्या कोलोम्बाने भाचीचा हात इतका घट्ट धरला, की नखं रुतली.

“गप्प बसा जरा,” मार्केझाबाई म्हणाल्या. “मला नीट वाचू द्या.”

त्यांनी चष्मा डोळ्याला लावला. “चंद्रकोर. डायाना. बोट. कॅलिस्टो, बरं. आता कुत्रे.” चष्मा थांबला. “हे कुत्रे भलतीकडे का पाहतायत?”

चष्मा गवतावरून सरकत गेला. पायापासून बुंध्यापर्यंत, बुंध्यापासून झुडपापर्यंत, झुडपातून छातीपर्यंत, चेहऱ्यापर्यंत, आणि चेहऱ्यावरून वर, त्या दुभंगलेल्या, अस्थिपांडुर फांद्यांपर्यंत. दालनातली प्रत्येक नजर त्या चष्म्यामागून गेली.

“शिंगं!” मार्केझाबाई म्हणाल्या. “अहो, हा तर ॲक्टीऑन!”

आणि ॲक्टीऑनची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस त्या दालनात नव्हता. रानात लपून ज्याने डायानाला न्हाताना पाहिलं, तो शिकारी. देवीने त्याच्यावर पाणी उडवलं, त्याला शिंगं फुटली, त्याचं हरीण झालं, आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला ओळखलं नाही. त्यांनी त्याच्या चिंध्या केल्या.

“म्हणजे तू झुडपात होतास होय रे?” मार्केझाबाईंनी चष्मा खऱ्या तुल्लिओवर वळवला. “मी म्हणतेय, त्या मुलीच्या खांद्यावरचा डाग तुला दिसला कुठून! तूच रंगवून सांगितलंस की.”

आधी कुणीतरी फसकन हसलं. मग ते हसू दालनभर पसरलं.

तुल्लिओचा चेहरा चुन्यासारखा झाला. “तिने माझ्या आकृतीला हात लावला! नियम मोडला! बार्तोलो, बघा, बघा ना!”

बार्तोलो काठी टेकत पुढे आला. नाक कॅनव्हासला लागेल इतका वाकला. केस पाहिले, मुकुट पाहिला, कपाळाची कड पाहिली. फार वेळ पाहिलं. मग सरळ झाला.

“आकृतीला कुणीही हात लावलेला नाही,” तो म्हणाला. “फांदी झाडाची आहे. झाड तिचं आहे. आणि चित्रशाळाही तिचीच राहील.” मग तुल्लिओकडे न पाहता, “कुत्रे कुणी रंगवले?”

तुल्लिओ ओरडला. काय ओरडला ते कुणालाच कळलं नाही; शब्द नव्हता, नुसता आवाज होता. ओसरीत धन्याचा आवाज ऐकला तो कुत्र्यांनी. दोर तुटला की खुंटी उपटली कोण जाणे. रेशमांतून, पंख्यांतून, पायांतून वाट काढत ते तिघे उधळत आले. आनंदाने, प्रेमाने, जिभा काढून, धन्यासाठी. आणि त्यांनी त्याच्या छातीवर झेप घेतली.

तुल्लिओ किंचाळला. त्याने दोन्ही हातांनी आपलं डोकं चाचपलं.

त्या क्षणी दालनात कुणी हसलं नाही. तो धडपडत उठला, दाराकडे धावला, आणि बिचारे कुत्रे शेपट्या हलवत त्याच्यामागे धावले.

“जिंकलीस गं पोरी!” आत्या रडत होती. “माझी वाघीण ती!”

फाउस्तीना चित्राकडे पाहत होती. कॅलिस्टो अजून वाकलेलीच होती. वस्त्र अजून ओढलं जात होतं. तो खांदा, तो चट्टा या भिंतीवर राहणार होता, ती मेल्यावरही.

“ती तशीच उघडी राहिली, आत्या,” ती म्हणाली. “तिच्यावर मला काही घालता आलं नाही.”

 आत्याने आपल्या खांद्यावरची शाल काढली, त्या उकाड्यात फाउस्तीनाच्या खांद्यावर टाकली, आणि दोघी चटके देणाऱ्या पायऱ्या उतरून गेल्या.

दालन रिकामं झालं. भिंतीवर संध्या राहिली, मधुवर्णा, मंथरगामिनी, न मावळणारी संध्या. देवीचं बोट ताठ आहे. पाणी काळं आहे. झुडपाआड एक माणूस उभा आहे, डोक्यावर वठलेलं झाड घेऊन. गवत निजलं आहे, वाट मोकळी आहे. आणि तीन कुत्रे, माना उंचावून, कान टवकारून, त्याच्याकडे पाहत आहेत. अजून पाहत आहेत, अजून बसून आहेत.